प्लेसमेंटचा आकडा कोणत्या दिवशी मोजला? व्यावसायिक अभियांत्रिकी संस्थांना खुले पत्र

प्रति,
व्यावसायिक अभियांत्रिकी अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांचे प्राचार्य व संचालक,
तसेच त्यांना मान्यता देणारी मंडळे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर प्लेसमेंटची टक्केवारी ठळक अक्षरांत छापलेली असते. ९०, ९५, एखाद्या धाडसी संस्थेची थेट १००. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग, कंपन्यांची बोधचिन्हे आणि 'सर्वोच्च पॅकेज'. मी टेबलाच्या पलीकडे बसणारा माणूस आहे. कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात काम करतो आणि तुमच्याकडून शिकून आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेतो. काहींना घेतो, मग ती माझ्याच शिफ्टमध्ये कामाला असतात. म्हणून त्या टक्केवारीचे पुढे काय होते ते मला जवळून दिसते. तो आकडा तुम्ही कसा काढता आणि कसा काढायला हवा, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

सगळ्यांचे लक्ष अंशाकडे असते. गडबड छेदात आहे. एक काल्पनिक वर्ग घेऊ. प्रवेश १२० जणांचा. शेवटची परीक्षा पास होऊन बाहेर पडले ९६. त्यांपैकी ७० जणांनी प्लेसमेंट सेलकडे 'पात्र व इच्छुक' म्हणून नाव नोंदवले. उरलेल्यांचे गुण कंपन्यांच्या अटीत बसत नव्हते, किंवा 'तू यंदा नको भरूस फॉर्म' असे त्यांना कुणीतरी प्रेमाने सुचवले. ऑफर लेटर आली ६३. ६३ भागिले ७०, झाले ९० टक्के. पण ६३ पत्रे ५४ मुलांना आलेली, कारण काहींच्या हातात दोन-दोन होती. त्या ५४ पैकी रुजू झाले ४०. काहींना कंपनीने 'कळवतो' म्हणून ताटकळत ठेवले, काहींनी पगार ऐकून पाठ फिरवली. वर्षभराने शिकलेल्या विषयाशी संबंध असलेल्या कामावर टिकले २६. म्हणजे १२० पैकी २६, जेमतेम २२ टक्के. एकाच वर्गाचे हे दोन आकडे, आणि दोन्ही काढताना कुणीही खोटे बोललेले नाही.

मधल्या मध्ये गळालेल्या त्या २४ जणांची तर कुठेच नोंद नसते. त्यांनीही फी भरली होती. कुणाला पहिल्या वर्षाच्या गणिताने अडवले, कुणी घरची गरज म्हणून मिळेल ते काम धरले. एखाद्या कोर्सला प्रवेश घेणाऱ्याला सर्वांत आधी कळायला हवे ते हेच, की आत गेलेल्यांपैकी किती जण पार होतात. उत्तीर्णांपासून सुरू होणारी टक्केवारी त्याला हे कधीच सांगणार नाही.

मग येतो दिवसाचा प्रश्न. तुम्ही मोजता ते ऑफर लेटर हातात पडण्याच्या दिवशी. ब्रिटनमध्ये उच्च शिक्षण संपवलेल्यांची पाहणी पूर्वी सुमारे ६ महिन्यांनी होत असे. ती बंद करून नवी पाहणी आली, तिच्यात हाच प्रश्न सुमारे १५ महिन्यांनी विचारतात. तिचे पहिले निकाल २०२० मध्ये आले. शिवाय तिथे शिक्षणाच्या नोंदी करखात्याच्या नोंदींशी जोडून १, ३, ५ आणि १० वर्षांनंतर माणूस किती कमावतो तेही प्रसिद्ध करतात. यामुळे तिथली सगळी मुले सुखात आहेत असे मुळीच नाही. पण घड्याळ कुठे लावायचे यावर त्यांनी विचार केला आहे. आपल्या धंद्यात तर हा विचार जास्तच हवा. नव्या टेक्निशियनवर रात्रपाळी एकट्याने सोपवायला वर्षभर तरी जाते. पहिल्या सहा महिन्यांत जो सोडून जातो तो कामाला कंटाळून जातो असे कमी वेळा होते. बहुतेक वेळा त्याला जे काम सांगून आणलेले असते ते काम मिळालेलेच नसते.

'नोकरी लागली' म्हणजे नेमके काय झाले, हेही एकदा ठरवू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सांख्यिकी व्याख्येप्रमाणे संदर्भ आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केले तरी माणूस 'रोजगारात' धरला जातो. देशभराचा श्रमबाजार मोजायला ही व्याख्या ठीक आहे, तिच्यामागे कारणे आहेत. पण तुमचा विद्यार्थी तीन वर्षे सर्किट, गिअर, हायड्रॉलिक्स शिकून पॅकिंग लाइनवर खोक्यांना टेप लावत असेल, आणि कागदावर त्याचा हुद्दा 'टेक्निशियन ट्रेनी' असेल, तर तो तुमच्या यशाच्या रकान्यात बसतो का? पॅकिंगचे काम हलके आहे असे मला म्हणायचे नाही. ते करायला तुमच्या तीन वर्षांची गरज नव्हती, इतकेच. घाऊक भरती करणाऱ्या कंपन्या तुमच्या कॅम्पसवर एका दिवसात पन्नास जणांना पत्रे देऊन जातात तेव्हा प्लेसमेंट अधिकाऱ्याचा वर्षभराचा कोटा एका दुपारी पुरा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जो आकडा मागितला जातो तो त्याने आणून दिला.

आता माझ्या मुलाखतीच्या टेबलावर या. मी प्रश्न कमी विचारतो. एक शाफ्ट ठेवतो, शेजारी शून्य ते २५ चा मायक्रोमीटर, आणि ड्रॉइंगचा कागद. ड्रॉइंगवर व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शाफ्टसाठीचा एच-७. म्हणजे व्यास २५.००० ते २४.९७९ च्या मध्ये हवा. एकूण मुभा २१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २१ हजारांश. प्रश्न एकच: हा शाफ्ट घ्यायचा की रिजेक्ट करायचा? टॉलरन्सची व्याख्या बहुतेकांना तोंडपाठ असते. होल बेसिस आणि शाफ्ट बेसिसमधला फरकही धडाधड सांगतात. मग हात मायक्रोमीटरकडे जातो आणि थिंबल (फिरवायची नळी) धरून तो नटबोल्ट आवळावा तसा आवळला जातो. रॅचेट, म्हणजे ठरावीक दाबानंतर नुसती फिरणारी टोकाची मूठ, कशासाठी असते ते कुणी दाखवलेलेच नसते. वाचन येते २४.९९. 'सर, ओके आहे.'

त्या मायक्रोमीटरचा शून्य मी मुद्दाम २० मायक्रॉननी सरकवलेला असतो. शाफ्टचा खरा व्यास २४.९७, म्हणजे रिजेक्ट. अधूनमधून एखादी मुलगी किंवा मुलगा असा येतो की शाफ्टला हात लावण्याआधी मायक्रोमीटरची तोंडे फडक्याने पुसतो, रॅचेटने बंद करून शून्य बघतो आणि मान वर करून म्हणतो, 'सर, याला झिरो एरर आहे, बंद केल्यावर शून्य दाखवत नाही.' पुढचे वाचन तो दोन-तीन ठिकाणी, शाफ्ट फिरवून घेतो. माझा निर्णय त्याआधीच झालेला असतो.

ही सवय पुस्तकातून येत नाही आणि हुशारीतूनही येत नाही. कुणीतरी शेजारी उभे राहून चार वेळा हटकले की येते. त्यासाठी वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर कपाटाबाहेर असावा लागतो. लेथभोवती वीस जण उभे, एक जण चालवतोय, बाकीचे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून निरीक्षणांचा तक्ता उतरवतायत, हे चित्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुमचे शिक्षकही ते जाणतात. त्यांतले कित्येक जण पदरमोड करून ड्रिल बिट आणि वेल्डिंग रॉड आणतात, हे मुलेच सांगतात. पण माहितीपुस्तिकेतला आकडा ९० टक्के असेल तर लेथला पैसे मागायला कोणत्या तोंडाने जाणार? वर्कशॉपची गरज त्या आकड्याखालीच झाकली जाते, असे माझे मत आहे.

जर्मनीचे उदाहरण या विषयात इतक्या वेळा दिले जाते की ते टाळावेसे वाटते, पण त्यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १९६९ च्या व्यावसायिक प्रशिक्षण कायद्याने तिथली पद्धत घट्ट केली. शिकणारा आधी कंपनीशी करार करतो, आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत काढतो. मेकॅट्रॉनिक्सचा (यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र असलेला) व्यवसाय तिथे १९९८ मध्ये अधिकृत झाला, त्याचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे. अलीकडच्या वर्षांत प्रशिक्षण पुरे करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना जिथे शिकले तिथेच नोकरी मिळते. हे सगळे तुम्हाला माहीत असेल. न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे परीक्षा. ती शाळा घेत नाही आणि ती कंपनीही घेत नाही. उद्योग-व्यापार चेंबरच्या परीक्षक मंडळात मालकांचे, कामगारांचे आणि शिक्षकांचे असे तिन्ही बाजूंचे लोक बसतात. ज्याने शिकवले त्यानेच पास केले आणि त्यानेच प्लेसमेंट मोजली, अशी सोय तिथे नाही. चेंबर आणि युनियनची ती घडी उचलून आणता येणार नाही हे मान्य. प्रात्यक्षिक परीक्षेला एक बाहेरचा फोरमन बसवायला मात्र कायदा बदलावा लागत नाही.

मंडळांना वाटेल की मग आकड्यावर बंधन घालू. अमक्या टक्क्यांखाली गेलात तर मान्यता रद्द. इथे जरा थांबा. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याखालच्या रोजगार-प्रशिक्षण केंद्रांना निकालांवर बक्षिसाची रक्कम मिळत असे. पुढे अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की प्रशिक्षणार्थीचे नाव पटावरून कधी कमी करायचे ते केंद्रे आपल्या सोयीने ठरवत होती, कारण निकाल त्या तारखेला मोजला जायचा. नोकरी लागली की लगेच नाव कमी, नाही लागली तर ठेवा अजून थोडे दिवस. शिवाय ज्यांना नोकरी लागणे सोपे त्यांनाच आत घेण्याचा मोह. आपल्याकडे याचा अर्थ असा होईल की गणितात कच्ची, इंग्रजीत अडखळणारी मुले प्रवेशालाच नको होतील. मग या शिक्षणाची ज्यांना सर्वांत जास्त गरज तेच बाहेर. त्याच देशात कोर्स केलेल्यांच्या कमाईशी कर्जाच्या हप्त्याची तुलना करणारा नियमही झाला. हप्ता वार्षिक कमाईच्या ८ टक्क्यांत बसतो का, हा त्यातला एक निकष. तो २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये मोडीत निघाला, २०२३ मध्ये पुन्हा आला. शिक्षा जोडलेला आकडा असा राजकारणात हेलकावे खातो. म्हणून माझी मागणी शिक्षेची नाही. आधी नुसते उघड करा. प्रवेश घेणाऱ्याच्या घरच्यांना दोन संस्थांचे खरे तक्ते शेजारी ठेवून बघता आले तरी खूप झाले.

तक्ता उघड करताना संस्थेवर अन्याय होऊ नये हेही बघायला हवे. मोठ्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेल्या संस्थेची मुले काहीही शिकली तरी कुठेतरी लागतात. दूरच्या संस्थेने जीव ओतून शिकवले तरी तिथल्या मुलीला घर सोडावे लागते, आणि घर सोडू दिले जात नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळचे गुण, जवळ काम आहे की नाही, हेही आकड्यांसोबत छापा. मुलींचे आकडे वेगळे द्या. मशीन शॉपमध्ये पहिल्या येणाऱ्या मुली दोन वर्षांनी ऑफिसात एक्सेल भरताना दिसतात तेव्हा प्रश्न कौशल्याचा उरलेला नसतो. पुढच्या पदवीला गेलेले 'प्लेस झाले' असे दाखवू नका आणि छेदातूनही काढू नका, त्यांचा रकाना स्वतंत्र ठेवा. काहींना खरोखर शिकायचे असते, आणि काहींनी मनासारखे काम मिळाले नाही म्हणून प्रवेश घेतलेला असतो. दोघांना एकाच खात्यावर मांडता येत नाही.

पहिल्या नोकरीपलीकडचीही एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त छळते. ११ देशांतल्या माहितीवर बेतलेला एक अभ्यास २०१७ मध्ये अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात आला. त्यात असे दिसले की व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला नोकरी लवकर लागते, पण वय वाढते तसा हा फायदा कमी होतो आणि उतारवयात सर्वसाधारण शिक्षणवाले पुढे जातात. सगळ्या संशोधकांना हा निष्कर्ष जसाच्या तसा मान्य नाही. मला मात्र शॉप फ्लोअरवर त्याची सावली दिसते. एका ब्रँडचा कंट्रोलर, एका कंपनीचे सॉफ्टवेअर, त्यांचे अलार्म कोड पाठ केलेली पोरे पहिल्या दिवसापासून चमकतात. प्लांटमध्ये दुसऱ्या ब्रँडची मशीन आली की गप्प होतात.

याच्या उलट उदाहरण आमच्याच धंद्याच्या इतिहासात आहे. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचांनी) भरलेल्या पॅनेलला पर्याय मागितला आणि त्यातून पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर, जन्मले. त्याची लॅडर भाषा मुद्दाम रिलेच्या सर्किटसारखी ठेवली, म्हणजे इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी. ज्याला नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज संपर्क कळला होता, होल्डिंग सर्किट (बटण सोडले तरी चालू राहणारे) का टिकून राहते ते कळले होते, तो रिलेवरून पीएलसीवर फारशी ओरड न करता गेला. आजही मोटर ट्रिप होते तेव्हा स्क्रीनवर ओव्हरलोड दिसतो. एक जण रिसेट दाबत बसतो, दुसरा ओव्हरलोडची सेटिंग वाढवतो (आणि मोटर जाळतो), तिसरा टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) घेऊन तिन्ही फेजचा करंट बघतो आणि एक फेज गेली आहे असे सांगतो. तिसऱ्याला नवी मशीन घाबरवत नाही. दहा वर्षांनी तो कुठे आहे हे तुमच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही, म्हणून त्याला घडवणाऱ्या शिक्षकाचे श्रेयही कुठे येत नाही.

'इतक्या मुलांचा माग ठेवायचा कसा?' हे उत्तर मी बऱ्याच प्राचार्यांकडून ऐकले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युरोपियन ट्रेनिंग फाउंडेशन आणि सेडेफॉप (युरोपीय संघाचे व्यावसायिक प्रशिक्षण केंद्र) यांनी मिळून २०१६ मध्ये ट्रेसर स्टडीची, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा माग घेणाऱ्या पाहणीची, मार्गदर्शिकाच काढली आहे, प्रश्नावलीच्या नमुन्यांसह. फोन नंबर बदलतात हे खरे, म्हणून आईवडिलांचा किंवा भावाबहिणीचा एक जादा नंबर शेवटच्या परीक्षेच्या फॉर्मवरच घ्या. उत्तर देणाऱ्यांत नोकरी लागलेले जास्त असतात, हेही ध्यानात ठेवा. म्हणून किती जणांना विचारले आणि किती जणांनी सांगितले, हे दोन्ही आकडे तक्त्याखाली असू द्या. देणगीचे आवाहन माजी विद्यार्थ्यांपर्यंत बरोबर पोहोचते, हा एक आडवा शेरा.

आमच्या बाजूच्या मंडळींनाही सोडू नका. कुशल माणूस मिळत नाही म्हणून परिषदांमध्ये गळा काढणारे आम्ही, ट्रेनीच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागतो. घेतो तेव्हा ठेकेदाराच्या पटावर घेतो, म्हणजे वाढवायला नको आणि काढायला सोपे. पगार मात्र तिथेच ठेवतो आणि पोरे टिकत नाहीत म्हणतो. तुमच्या तक्त्यात कंपनीच्या पटावरचे आणि ठेकेदाराकडचे वेगवेगळे छापा. सर्वोच्च पॅकेज काढून टाका आणि मधला पगार छापा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मध्यभागी येतो तो. कंपन्यांची नावे द्यायचीच असतील तर वर्षभरानंतर तिथे किती उरले तो आकडाही नावापुढे असू द्या. आमच्यापैकी काहींना लाज वाटेल, वाटू दे.

पहिल्या वर्षी हे आकडे वाईट दिसतील. शेजारची संस्था ९५ टक्के छापत असताना तुम्ही ३० छापलेत तर प्रवेश कमी होतील, ही भीती रास्त आहे. म्हणूनच पत्र मंडळांनाही लिहिले आहे. छेद, तारीख आणि 'संबंधित काम' यांची व्याख्या सगळ्यांना एकच लावा आणि सगळ्यांचे तक्ते एकाच दिवशी प्रसिद्ध करा. प्रामाणिक संस्थेला एकटीने आधी उडी मारायला लावू नका.

तुमचा माजी विद्यार्थी अजून कामावर आहे का, कोणत्या हुद्द्यावर, कंपनीच्या पटावर की ठेकेदाराच्या, एवढे विचारणारे पत्र विद्यार्थ्याच्या संमतीसह आमच्या पर्सोनेल विभागाला पाठवले तर उत्तर द्यायला फार तर आठवडा लागेल. मी मुलाखती घ्यायला लागल्यापासून असे पत्र एकाही संस्थेकडून आल्याचे मला आठवत नाही.

आपला,
कारखान्यातला एक मेंटेनन्स इंजिनिअर